दिरांची पावडर, मामंजींच्या कोंबड्या आणि बर्ड फ्लू

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणपसाऱ्यापासून जवळच त्यांचं पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे, कंपनीशी करार आहे. नवरा सातपूरला नोकरीला, त्यामुळे पिल्लं उतरवण्यापासून लिफ्टिंगपर्यंत, म्हणजे तयार पक्षी गाडीत भरून नेईपर्यंत, शेड त्याच बघतात. मागच्या बॅचचे चाळीस हजार रुपये बाजूला पडलेत. त्यातून शेडला नवी जाळी, पाण्याची टाकी आणि दारापाशी कपडे-चपला बदलायची छोटी खोली करायचं त्यांच्या मनात आहे. पण धाकटे दीर एका मेळाव्याहून प्रोबायोटिक पावडरची माहिती घेऊन आले. 'कोंबडीच्या पोटातले चांगले जिवाणू वाढले की बर्ड फ्लू झाला तरी सौम्यच होतो, परदेशात सिद्ध झालंय,' असं त्यांचं म्हणणं. वर्षभराची पावडर एकदम घ्यायची आणि कंपनीचा सुपरवायझर देतो ती अँटिबायोटिक बंद करायची, असा त्यांचा आग्रह. तिकडे सासऱ्यांच्या वीसेक गावरान कोंबड्या दिवसभर शेडभोवती चरतात. 'आमच्या कोंबड्या शेणामातीत वाढल्या, त्यांना कसला फ्लू,' असं ते म्हणतात आणि त्यांना कोंडायला तयार नाहीत. ताई विचारतात, 'मी बारावीपर्यंत शिकलेली. दीर ॲग्रीचे पदवीधर. त्यांचं चूक आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि खरंच चूक आहे का?'

ताई, भाऊजींचं अर्धं बरोबर आहे. म्हणूनच त्यांच्यापुढे बोलणं तुम्हाला जड जातंय. साफ थाप असती तर तुम्ही पत्र लिहिलंच नसतं. तेव्हा आधी त्यांचा बरोबर असलेला भाग नीट समजून घेऊ, म्हणजे उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलताना तुमचा आवाज कापणार नाही.

कोंबडीच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर दोन आंधळ्या आतड्यांच्या पिशव्या असतात. तिथल्या एका ग्रॅम मळात अब्जावधी जिवाणू असतात. सकाळी लिटरवर, म्हणजे शेडमधल्या तुसाच्या अंथरुणावर, मधूनच तपकिरी, चिकट, चॉकलेटसारखी विष्ठा दिसते ना, ती याच पिशव्यांमधून येते. ती दिसली की तिथलं काम सुरळीत चाललंय असं समजायचं. गावरान पिल्लाला हे जिवाणू आईच्या मागे उकिरडा उकरताना मिळतात. तुमच्याकडे येणारं पिल्लू मशीनमध्ये उबवलेलं असतं, त्याने आई पाहिलेलीच नसते. पोट रिकामं, जो आधी शिरेल त्याचं घर. फिनलंडच्या नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ साली दाखवलं, की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू एक दिवसाच्या पिल्लांना पाजले तर साल्मोनेलाला त्यांच्या पोटात बस्तान बसवणं अवघड जातं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार. कोंबड्यांच्या प्रोबायोटिकचा आजचा बराचसा धंदा या विचारावर उभा आहे, आणि जिवाणूंच्या रोगांपुरता तो विचार भक्कम आहे.

फ्लू मात्र विषाणूचा. तिथे जागा धरून भागत नाही, काम वेगळ्या वाटेने होतं. आतड्यातले जिवाणू तिथल्या प्रतिकारशक्तीला सतत जागं ठेवतात. विषाणू पेशीत शिरल्यावर पेशी इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडते आणि त्याने शेजारच्या पेशी सावध होतात. जिवाणू नसले तर हा इशारा मंद पडतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली कोंबड्यांना जबर अँटिबायोटिक देऊन त्यांचं आतडं जवळजवळ रिकामं केलं आणि मग एच९एन२ या फ्लूची लागण केली. त्या कोंबड्यांनी घशातून आणि विष्ठेतून जास्त विषाणू बाहेर टाकला, इंटरफेरॉनचा प्रतिसादही खालावला. चांगले जिवाणू परत दिल्यावर तो काही अंशी सुधारला. फ्रान्समध्ये २०२० साली बदकांवर असाच प्रयोग झाला, तोही एच५एन९ या घातक विषाणूवर. अँटिबायोटिक दिलेल्या बदकांच्या आतड्यात विषाणू जास्त वाढला. श्वासनलिकेच्या बाजूला तसा फरक पडला नाही.

भाऊजी जे ऐकून आले ते बहुधा हेच. आता यातली मेख बघा. या प्रयोगांत आतड्यातले जिवाणू काढून घेतले आणि पक्ष्यांचं बिघडलं. त्यावरून 'आहेत त्यात आणखी घातले तर आणखी सुधारेल' असं निघत नाही. तुमच्या शेडमधलं पिल्लू काही रिकाम्या आतड्याचं नाही. तुसावर दोन आठवडे काढलेल्या पक्ष्याच्या पोटात जिवाणूंची वस्ती झालेलीच असते. तिच्यात पावडरीतले एक-दोन जातींचे जिवाणू किती दिवस टिकतील आणि फ्लूच्या वेळी कितपत कामी येतील, हा वेगळाच प्रश्न. मेळाव्यात पावडर विकणारा त्याचं उत्तर देत नाही, कारण तो प्रश्न कोणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. त्याला पदवी लागत नाही.

दुसरी गोष्ट, फ्लूफ्लूत फरक असतो. विषाणूला पेशीत शिरायचं तर त्याच्या अंगावरचं एक प्रथिन आधी कापलं जावं लागतं. एच९एन२ सारख्या सौम्य प्रकारात ते कापणारी द्रव्यं मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात असतात, म्हणून तो तिथेच घुटमळतो. तो आपल्याकडच्या कोंबड्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. पक्षी शिंकतात, वजन मार खातं, लेअरची, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची, अंडी घटतात, आणि मागून ई-कोलाय शिरला की मरतूक वाढते. तो स्वतःही आतडं बिघडवतो, चांगले जिवाणू घटून ई-कोलायला रान मोकळं होतं. अशा दुखण्यात पोट धड असण्याचा उपयोग होईल हे मला पटतं. पण ज्याच्या भीतीने तुम्हाला झोप नाही तो घातक एच५एन१ वेगळा. त्याचं ते प्रथिन कापणारं द्रव्य शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. म्हणून तो रक्तवाहिन्या, हृदय, मेंदू काही सोडत नाही. कोंबडीला लागला की दोन-तीन दिवसांत शेड आडवं होतं. इतक्या कमी वेळात आतड्यातले जिवाणू काय राखण करणार?

आणि समजा, केली. समजा त्या पावडरीने बर्ड फ्लू खरंच सौम्य झाला. तुम्ही सगळ्यांनी धरून चाललंय की सौम्य झाला म्हणजे चांगलंच. मला यावर थोडं थांबावंसं वाटतं. माणसाच्या तापाला हे ठीक आहे, शेडला नाही. बर्ड फ्लू झालेला कळप वाचवायचा नसतो, तिथे रोग कळायचा असतो. रानबदकं हा विषाणू अंगावर घेऊन आरामात पोहतात आणि विष्ठेतून सोडत जातात, म्हणून तर ती आपल्याला धोक्याची. तुमचे पक्षी तसेच झाले, मरतूक दिसली नाही पण विषाणू बाहेर पडत राहिला, तर लिफ्टिंगची गाडी तो पुढच्या पाच गावांत नेईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. शेडमध्ये रोज वावरणाऱ्या तुम्हाला आणि मुलांनाही त्याचा धोका. आपल्याकडे या घातक प्रकारावर कोंबड्यांना लस देत नाहीत, संसर्ग आढळला की पक्षी नष्ट करतात. त्यामागे रोग आत दबून राहू नये हेही एक कारण आहे. तेव्हा 'झाला तरी सौम्य' हे शेडसाठी आश्वासन नव्हे. शेडला हवं ते 'आत आलाच नाही'.

म्हणून तुमचे चाळीस हजार जाळी, टाकी आणि खोलीलाच जाऊ द्या. तुमचा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता.

हे पैसे घालताना क्रम मात्र थोडा बदला. तुमचं पाणी कुठून येतं ते पत्रात नाही. कालव्याचं किंवा बॅकवॉटरचं असेल तर टाकी पहिली. नांदूरमध्यमेश्वरला थंडीत थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक हजारोंनी उतरतात. आपल्याला त्याचं कौतुक आहे आणि असावं, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते. पण बदकांचा फ्लू विष्ठेतून पाण्यात येतो आणि थंड पाण्यात जास्त टिकतो. कोमट पाण्यात काही दिवस, बर्फाजवळच्या थंडीत महिनाभरसुद्धा. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेच दिवस या पाहुण्यांचे. पाणी टाकीत घ्या, झाकण लावा, क्लोरीन टाका आणि ते पक्ष्यांच्या पाणी प्यायच्या शेवटच्या निपलपर्यंत पोचतं का ते तपासा. त्यानंतर खोली. ती बांधायचे पैसे संपले तर बांधूही नका. दारात आडवं बाकडं टाका. बाहेरची चप्पल बाकड्याच्या अलीकडे, शेडची पलीकडे, आणि मधल्या जमिनीला कोणाचाच पाय लागायचा नाही. चुन्याच्या पाण्यात चिखलाचे बूट बुडवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण चिखल असला की जंतुनाशकाचं फारसं चालत नाही. हा नियम सुपरवायझरला, लिफ्टिंगच्या पोरांना आणि मेळाव्याहून आलेल्या भाऊजींनाही. विशेषतः लिफ्टिंगवाल्यांना, ती माणसं आणि ते क्रेट त्याच रात्री दुसऱ्या कोणाच्या शेडमधून आलेले असतात. जाळी चिमणी शिरणार नाही इतकी बारीक घ्या आणि वर छताच्या फटी बघायला विसरू नका. सगळे खालची जाळी बदलतात, चिमण्या पत्र्याखालून येतात. सांडलेलं खाद्य रोज झाडा, कावळे-साळुंक्या त्यासाठीच येतात.

मग पोटाचं काय? पोट बघायचंच, पण बर्ड फ्लूसाठी नाही. वजनासाठी, खाद्याच्या हिशेबासाठी, औषधाचा खर्च कमी करण्यासाठी. आणि त्यातलं निम्मं काम फुकटात होतं. सकाळी शेडमध्ये गुडघ्यावर बसा, पक्ष्याच्या उंचीला नाक आणा. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त आहे. तुसाची मूठ आवळून सोडा. गोळा तसाच राहिला तर लिटर ओलं, लगेच भुगा झाला तर फार कोरडं, जरासा धरून मग फुटला तर ठीक. ओल्या लिटरवर कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) आणि ई-कोलाय वाढतात, त्यापुढे कोणतीच पावडर पुरी पडत नाही. पिल्लं उतरल्यावरचे पहिले दिवस ऊब आणि खाद्य नीट मिळालं, तर आतड्याची घडी तेव्हाच बसते. थंडीत पिल्लं कोपऱ्यात ढीग करून बसली, ऊब देणारा ब्रूडर कमी पडला, तर ती घडी पुढे बसत नाही.

पावडर घ्यायचीच असेल तर वर्षभराची नको, एका बॅचपुरती घ्या. त्याआधी कंपनीच्या फीडच्या गोणीवरचं लेबल वाचा. पुष्कळदा प्रोबायोटिक त्यात असतंच आणि आपण त्याचे दुसऱ्यांदा पैसे मोजतो. करारात बाहेरचं काही द्यायला मनाई आहे का तेही पाहा. पाकिटावर जिवाणूचं नाव, सीएफयूचा (जिवंत जिवाणूंच्या संख्येचा) आकडा आणि मुदत नसेल तर ती पावडर दुकानातच राहू द्या. आणि ही गंमत भाऊजींना जरूर सांगा: क्लोरीनच्या पाण्यात प्रोबायोटिक टाकलं तर जिवाणू प्यायच्या आधीच मरतात. लासोटाच्या, म्हणजे मानमोडीच्या लसीच्या, दिवशी तुम्ही पाण्यात दूध पावडर टाकता ते क्लोरीन मारायलाच, इथेही तीच काळजी. अँटिबायोटिक चालू असतानाही बरेचसे प्रोबायोटिक वाया जातात. घरचं ताक उघड्या भांड्यातून तासभर दिलं तर चालेल, पण निपलच्या पाइपात नको. आत शेवाळी थर धरतो, मग आठवडाभर पाइप धूत बसावं लागतं.

अँटिबायोटिकबद्दल भाऊजींचा राग मला आवडला. आजार नसताना 'सुरुवातीला द्यायचंच असतं' म्हणून पाण्यातून सोडलेलं औषध आतड्यातली वस्ती उठवतं आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे ठेवतं. कोलिस्टिनवर तर खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत जुलै २०१९ पासून देशात बंदी आहे. बाटलीवर ते नाव दिसलं तर घेऊच नका. पण पक्षी खरंच आजारी असताना डॉक्टरांनी दिलेलं औषध घरच्या घरी बंद करणं हाही शहाणपणा नाही. सुपरवायझरला विचारा, 'हे कशासाठी, डॉक्टरांचा कागद आहे का, काढणीआधी किती दिवस थांबवायचं?' भाऊजींना हा प्रश्न लावून धरायला सांगा. पदवी इथे कामाला येईल. त्यांनी एका बॅचची नोंदवही ठेवावी: मरतूक, वजन, खाद्य, लिटरची अवस्था. कंपनी हो म्हणाली तर शेडमध्ये आडवा पडदा टाकून निम्म्याच पक्ष्यांना पावडर द्यावी आणि फरक मोजावा. एका बॅचवरून पक्कं काही ठरत नाही, पण मेळाव्यातल्या भाषणापेक्षा ते बरं. घरात 'तुमचं चूक आहे' म्हणण्यापेक्षा 'भाऊजी, मोजून दाखवा' म्हणणं सोपं जाईल. ते चिडणारही नाहीत, उलट त्यांना काम मिळेल.

मामंजींचं प्रकरण जास्त नाजूक आहे. त्यांच्या कोंबड्यांचं पोट तुमच्या ब्रॉयलरपेक्षा खमकं आहे, हे ते म्हणतात तर म्हणू द्या, बहुतेक खरंच असेल. पण एच५एन१ ला त्याची पर्वा नाही. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये साथ आली ती मुख्यतः परसातल्या, शेणामातीत वाढलेल्या कोंबड्यांतूनच पसरली. आणि त्या कोंबड्या बांधावर, कालव्याच्या कडेला जाऊन तुमच्या जाळीपाशी येतात. मध्ये दुसरं कोणी नाही. करार काढून वाचा, आवारात दुसरे पक्षी ठेवायचे नाहीत अशी अट असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र तो कागद म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर टाकू नका. शेडपासून लांब, घराच्या मागच्या अंगाला जाळीचं ऐसपैस कुंपण आणि वर पत्रा असं खुराडं करून द्या, किमान थंडीचे महिने. त्यांचं दाणापाणी मामंजीच बघतील, तुम्ही नाही. एका माणसाने दोन्हीकडे हात घातला तर कुंपणाचा उपयोग शून्य. मुलांनाही हेच सांगा.

आता नको ती वेळ आलीच तर. अचानक मरतूक चढली, तुरे आणि गळ्याखालचे लोंबते गलोल निळसर पडले, तोंड सुजलं, पायांवर लालसर डाग, हिरवट पातळ विष्ठा. अशा वेळी मानमोडी की बर्ड फ्लू हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, तेव्हा अंदाज बांधत बसू नका. मेलेला पक्षी चिरून बघू नका, कालव्यात टाकू नका, कुत्र्यांना तर नकोच. उरलेले पक्षी घाईने विकायचा सल्ला देणारा कोणीतरी भेटेलच, त्याला दारातूनच परत पाठवा. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाहीतर १९६२ वर फोन करा. खबर देणं २००९ च्या कायद्याने पशुपालकावर बंधनकारक आहे. नमुने शेवटी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात आणि तिथून शिक्कामोर्तब झालं तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करतात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. आपल्याच नाशिक विभागातल्या नवापूरने हे फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा पाहिलं आणि २०२१ मध्ये पुन्हा. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून ठेवण्यात तोटा असा आहे. तुमच्या करारात पक्षी कंपनीचे असतील, तेव्हा भरपाई कोणाच्या नावावर येते आणि तुमच्या मजुरीचं काय, हे सुपरवायझरला आजच, सगळं ठीक असताना विचारा. लेखी मागा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लहान अक्षरात विचारलंय, की थंडीत गावरान कोंबडीची अंडी मुलांना द्यावीत का. द्या. कोंबड्या हिंडत्या-फिरत्या, खात्या-पित्या असल्या तर घाबरायचं कारण नाही. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळा बलक घट्ट झालेला हवा. मटण-चिकन आतपर्यंत शिजलेलं हवं, सत्तर अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही. अर्धकच्चं हाफ फ्राय तेवढं या दिवसांत बंद ठेवा. आणि अंडी गोळा करून आलं की हात साबणाने धुवायचे, मगच शेडकडे वळायचं.